अठ्ठावीस जणांचा आठवडा

5 जानेवारी 2019 रोजी पुण्याच्या बालेवाडीत टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेच्या पुरुष एकेरीचा अंतिम सामना झाला. नेटच्या एका बाजूला 203 सेंटिमीटर उंचीचा दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन होता, दुसऱ्या बाजूला 211 सेंटिमीटर उंचीचा क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच. कार्लोविचचं वय तेव्हा 39 होतं. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधल्या एटीपी मालिकेच्या एखाद्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत इतक्या मोठ्या वयाचा खेळाडू 1977 नंतर पोहोचला नव्हता. त्या वर्षी 43 वर्षांच्या केन रोझवॉलने हाँगकाँगची स्पर्धा जिंकली होती.

अँडरसन 7-6, 6-7, 7-6 असा जिंकला. तिन्ही सेट 6-6 अशा बरोबरीनंतरच्या टायब्रेकमध्ये गेले आणि त्या टायब्रेकचे गुण होते 7-4, 2-7 आणि 7-5. आता यांची बेरीज करून बघा. अँडरसनचे 16 आणि कार्लोविचचेही 16. तीन सेटच्या शेवटी जे 32 गुण निर्णायक ठरले, त्यांत दोघे तंतोतंत बरोबरीत होते. तरीही एकाच्या हाती करंडक आला आणि दुसऱ्याला उपविजेतेपदावर समाधान मानावं लागलं. कारण टेनिसमध्ये किती गुण मिळवले याला महत्त्व नसतं, ते कधी मिळवले यावर सगळं ठरतं. कार्लोविचने दुसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये पाच गुणांच्या फरकाने बाजी मारली, पण त्याबद्दल त्याला मिळाला एकच सेट. अँडरसनने पहिल्या टायब्रेकमध्ये तीन आणि तिसऱ्यात दोन गुणांचीच आघाडी घेतली, आणि त्याला दोन सेट मिळाले.

एवढे उंच खेळाडू समोरासमोर आले की टायब्रेक ठरलेलाच, असं प्रेक्षकांत बोललं जातं. त्यामागचं कारण साध्या भूमितीत सापडतं. बेसलाइनपासून नेट 11.885 मीटरवर असतं आणि नेटच्या पलीकडे सर्व्हिस बॉक्सची शेवटची रेषा 6.40 मीटरवर. नेटची उंची मधोमध 91.4 सेंटिमीटर. गुरुत्वाकर्षण आणि चेंडूची फिरक घटकाभर बाजूला ठेवू आणि चेंडू सरळ रेषेत जातो असं मानू. ज्याची रॅकेट जमिनीपासून पावणेतीन मीटरवर चेंडूला लागते, त्याने नेटला अगदी घासून चेंडू मारला तर तो नेटपलीकडे सुमारे 5.9 मीटरवर पडेल. म्हणजे वैध सर्व्हिससाठी त्याच्याकडे सर्व्हिस बॉक्सच्या टोकाचा अर्ध्या मीटरचा पट्टा उरला. हीच रॅकेट सव्वातीन मीटरवर लागली, तर तोच पट्टा पावणेदोन मीटरचा होतो. अर्धा मीटर उंची वाढली आणि जागा साडेतीन पटीने वाढली! प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षण चेंडू खाली ओढतं आणि टॉपस्पिनही मदतीला असतो, त्यामुळे कमी उंचीचे खेळाडूही उत्तम सर्व्हिस करतात. पण त्यांना वेग आणि अचूकता यांत सतत तडजोड करावी लागते. कार्लोविचला ती करावी लागत नव्हती. कारकिर्दीतल्या सर्वाधिक बिनतोड सर्व्हिसचा विक्रम त्याच्या नावावर होता, तो 2022 च्या विम्बल्डनमध्ये अमेरिकेच्या जॉन इस्नरने मोडला. इस्नरही 208 सेंटिमीटरचा.

शिवाय हे सगळं पुण्यात घडत होतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा समुद्रकाठापेक्षा साधारण पाच टक्क्यांनी विरळ असते. आकडा लहान दिसतो, पण ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने निघालेल्या चेंडूला हवेचा विरोध कमी झाला की तो जाणवण्याइतका लवकर समोर येऊन ठेपतो. सर्व्हिस परतवणाऱ्याला मुळात अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो, त्यातलाही थोडा कापला जातो. अशा ठिकाणी खेळाडू रॅकेटच्या तारांचा ताण एक-दोन पाउंडांनी वाढवून घेतात, म्हणजे चेंडू बाहेर उडत नाही. जानेवारीत सूर्य मावळला की पुण्यात गारठा पडतो, हवा दाट होते आणि चेंडू किंचित जड वाटायला लागतो. दुपारचा सामना आणि रात्रीचा सामना एकाच कोर्टवर असूनही वेगळे होतात, ते यामुळे. चेन्नईच्या दमट, समुद्राकाठच्या हवेत सवयीने खेळून गेलेल्यांना बालेवाडीत पहिल्या दिवशी चेंडूचा अंदाज नव्याने घ्यावा लागे.

चेन्नईचं नाव आलंच आहे तर थोडा इतिहास सांगतो. भारतातली ही एटीपी स्पर्धा 1996 मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली. तिथे तिने दोन दशकं मुक्काम केला. पॅट्रिक राफ्टर, कार्लोस मोया हे तिथले विजेते. स्टॅन वावरिंका तर तिथे चारदा जिंकला. मधे 2006 साली मुंबईतही एक वेगळी एटीपी स्पर्धा झाली होती, ती रशियाच्या दिमित्री तुर्सुनोव्हने जिंकली. चेन्नईची स्पर्धा 2018 मध्ये पुण्याला आली आणि महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात तिचे पाच हंगाम भरवले: 2018, 2019, 2020, 2022 आणि 2023. मधलं 2021 कोविडने खाल्लं.

ही स्पर्धा एटीपी 250 दर्जाची होती. ग्रँड स्लॅमच्या विजेत्याला क्रमवारीचे 2000 गुण मिळतात, त्याखाली 1000, 500 आणि 250 अशा पायऱ्या आहेत. पुण्यात विजेत्याला 250 गुण मिळत. त्या काळच्या कोष्टकाप्रमाणे उपविजेत्याला 150, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला 90, उपांत्यपूर्व फेरीत हरणाऱ्याला 45, दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला 20 आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला शून्य. एकूण बक्षीस रक्कम पाच लाख डॉलरच्या घरात. त्यातले नव्वद हजारांच्या आसपास विजेत्याला जात आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हातात पाच हजारांच्या आसपास पडत. त्या पाच हजारांत विमानभाडं, प्रशिक्षकाचा पगार आणि पुढच्या शहरातलं हॉटेल भागवायचं असतं. वर्षातले तीसेक आठवडे हा हिशेब चालू असतो.

पुरुष एकेरीचा ड्रॉ 28 जणांचा. कागदावर मात्र 32 ओळी असतात, कारण पहिल्या चार मानांकितांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढची चाल, मिळतो. म्हणजे अव्वल चौघांना विजेतेपदासाठी चार सामने जिंकायचे, बाकीच्यांना पाच, आणि पात्रता फेरीतून आलेल्याला सात. पहिला आणि दुसरा मानांकित ड्रॉच्या दोन टोकांना ठेवतात, म्हणजे ते अंतिम फेरीआधी भेटत नाहीत. तिसऱ्या-चौथ्याची जागा चिठ्ठीने ठरते, पाच ते आठची तशीच. बाकीचे वीस जण कुणाच्याही वाट्याला येतात. जगात सत्तराव्या क्रमांकाच्या खेळाडूचं अख्खं वर्ष कधी कधी या चिठ्ठ्यांवर झुकतं: पहिल्या फेरीत समोर पात्रता फेरीतून आलेला दमलेला मुलगा येतो की ताजातवाना पाचवा मानांकित, यावर वीस गुण आणि काही हजार डॉलर अवलंबून असतात.

28 नावं भरतात कशी, हे पाहण्यासारखं आहे. बहुतेक जण क्रमवारीच्या जोरावर थेट येतात. त्यासाठी स्पर्धेच्या सुमारे चार आठवडे आधीची क्रमवारी धरतात. चार जण पात्रता फेरीतून. मुख्य स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवार-रविवारी सोळा जण खेळतात, दोन सामने जिंकणारे चौघे आत येतात. मुख्य ड्रॉमधून ऐनवेळी कुणी दुखापतीने माघार घेतली, तर पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांपैकी एकाला लकी लूजर म्हणून जागा मिळते. असे खेळाडू सकाळी लवकर येऊन सही करून बसतात आणि फोन वाजण्याची वाट पाहतात. उरलेल्या तीन जागा यजमानांच्या हातात असतात. त्या वाइल्ड कार्डच्या जागा. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते पुण्यातल्या स्पर्धेचं सगळ्यात मोठं मोल तिथे होतं.

त्याआधी पाच विजेत्यांकडे पाहू. पहिल्या वर्षी सगळ्यांचं लक्ष मारिन चिलिचवर होतं. तो अव्वल मानांकित होता, आणि त्याच महिन्यात पुढे ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने फेडररला पाच सेटपर्यंत झुंजवलं. पण पुण्यात उपांत्य फेरीत पहिला सेट 6-1 असा जिंकूनही तो फ्रान्सच्या जिल सिमाँकडून हरला. सिमाँ एके काळी जगात सहावा होता, पण तोवर बराच खाली घसरला होता. त्याच्याकडे मोठी सर्व्हिस नाही, जोरकस फटका नाही. प्रतिस्पर्ध्याचाच वेग वापरून चेंडू खोल टाकत राहायचा आणि समोरच्याला चुकायला लावायचं, ही त्याची रीत. अंतिम फेरीत त्याने अँडरसनलाही 7-6, 6-2 असं नमवलं. उंच सर्व्हिसवाल्यांना मानवणाऱ्या कोर्टवर पहिला विजेता ठरला तो 183 सेंटिमीटरचा बचावात्मक खेळाडू. भूमितीचा हिशेब वर मांडला, तो खरा आहे. पण सामना जिंकायला दर वेळी तेवढा पुरत नाही.

अँडरसनने पुढच्या वर्षी परत येऊन उपांत्य फेरीत सिमाँला हरवलं आणि मग कार्लोविचला. त्या दोन पुणे वाऱ्यांच्या मधल्या काळात अँडरसनच्या आयुष्यात 2018 चं विम्बल्डन घडलं होतं. तिथे उपांत्यपूर्व फेरीत त्याने फेडररला पाचव्या सेटमध्ये 13-11 असं हरवलं आणि उपांत्य फेरीत इस्नरला 26-24 असं. इस्नरबरोबरचा तो सामना 6 तास 36 मिनिटं चालला. पाचव्या सेटला तेव्हा विम्बल्डनमध्ये टायब्रेक नसे. दोन्ही खेळाडू इतके पिळून निघाले की अंतिम फेरीत जोकोविचपुढे अँडरसनमध्ये त्राण उरलं नव्हतं. पुढच्याच वर्षी विम्बल्डनने शेवटच्या सेटमध्ये 12-12 झाल्यावर टायब्रेक आणला. अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जिमी व्हॅन अलेनने टायब्रेकची कल्पना मांडली आणि यूएस ओपनने ती 1970 मध्ये स्वीकारली. विम्बल्डनच्या पाचव्या सेटपर्यंत पोहोचायला तिला जवळपास अर्धं शतक लागलं. आणि ज्याच्या पायांनी या विलंबाची किंमत मोजली, त्याचाच पुण्यातला विजय तीन टायब्रेकवर उभा राहिला.

2020 मध्ये स्पर्धेची तारीख फेब्रुवारीत गेली, कारण वर्षाच्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रेलियात एटीपी कप ही सांघिक स्पर्धा सुरू झाली होती. तारखेचा हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण त्याने स्पर्धेची जातकुळी बदलली. जानेवारीत पुणे म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपनची तयारी. फेब्रुवारीत पुणे म्हणजे मेलबर्नहून थकून भागून आल्यावर आणखी एक आठवडा, तोही युरोपातल्या इनडोअर आणि दक्षिण अमेरिकेतल्या क्ले कोर्टच्या स्पर्धा सोडून. साहजिकच मोठी नावं कमी झाली. काहींना ते खटकलं. मला उलट वाटतं की 2020 आणि 2022 च्या याच दोन फेब्रुवारींमध्ये 250 दर्जाची स्पर्धा नेमकी कशासाठी असते, ते नीट दिसलं.

2020 चा विजेता चेक प्रजासत्ताकाचा यिरी व्हेसेली पहिल्या शंभरांच्या बाहेर होता. पाच वर्षांपूर्वी ऑकलंडला जिंकल्यानंतर त्याने एकही विजेतेपद मिळवलं नव्हतं. पुण्यात उपांत्यपूर्व आणि उपांत्य अशा दोन्ही सामन्यांत त्याने मॅच पॉइंट वाचवले आणि अंतिम फेरीत येगॉर गेरासिमोव्हला 7-6, 5-7, 6-3 असं हरवलं. (हाच व्हेसेली 2022 मध्ये दुबईत जोकोविचला हरवणार होता. जोकोविचविरुद्ध दोन सामने, दोन्ही जिंकलेले, असा हिशेब फार थोड्यांच्या नावावर आहे.) 2022 मध्ये पोर्तुगालचा जाओ सोसा पुण्यात आला तेव्हा क्रमवारीत 137 वा होता. वय 32. फिनलंडच्या एमिल रुसुव्हुओरीला 7-6, 4-6, 6-1 असं हरवून तो पुन्हा पहिल्या शंभरांत गेला.

या शंभराच्या रेषेला एवढं महत्त्व का? ग्रँड स्लॅमच्या पुरुष एकेरीत 128 जण खेळतात. त्यातल्या 104 जागा क्रमवारीने भरतात, 16 पात्रता फेरीतून आणि 8 वाइल्ड कार्डने. पहिल्या शंभरांतला खेळाडू वर्षातून चारदा थेट मुख्य ड्रॉमध्ये असतो, आणि तिथे पहिल्या फेरीत हरला तरी जे पैसे मिळतात, त्यांवर त्याचा वर्षभराचा बराचसा प्रवासखर्च निघतो. 137 वा असला, तर प्रत्येक ग्रँड स्लॅमला आठवडाभर आधी जाऊन तीन पात्रता सामने जिंकावे लागतात. पुण्यातल्या एका चांगल्या आठवड्याने सोसाचं हे पुढचं वर्ष बदलून टाकलं. गुण 52 आठवडे टिकतात आणि मग गळतात, म्हणून मुदत ठरलेली. पण तेवढ्यात पुष्कळ काही करता येतं.

2023 मध्ये स्पर्धा पुन्हा नववर्षाच्या आठवड्यात आली. अव्वल मानांकित चिलिचला गुडघ्याने दगा दिला आणि त्याला उपांत्यपूर्व फेरीआधी माघार घ्यावी लागली. नेदरलँड्सच्या टॅलन ग्रीकस्पूरने फ्रान्सच्या बेंजामिन बॉन्झीला 4-6, 7-5, 6-3 असं हरवून एटीपी मालिकेतलं पहिलं विजेतेपद मिळवलं. ग्रीकस्पूर अनोळखी मुळीच नव्हता. 2021 या एका वर्षात त्याने 250 च्या खालच्या चॅलेंजर दर्जाच्या आठ स्पर्धा जिंकल्या होत्या. तो विक्रमच होता. वरच्या पायरीवर मात्र त्याला दार उघडत नव्हतं, ते बालेवाडीत उघडलं. त्याच वर्षी पुढे तो जगात एकविसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. गेरासिमोव्ह, रुसुव्हुओरी, बॉन्झी हे तीन पराभूतही आयुष्यातला पहिला एटीपी अंतिम सामना पुण्यातच खेळले.

आता त्या तीन वाइल्ड कार्डांकडे. 2009 मध्ये चेन्नईत सोमदेव देववर्मनला असंच एक मिळालं होतं. तो तेव्हा अमेरिकेत कॉलेजचं टेनिस संपवून नुकताच व्यावसायिक झाला होता आणि दोनशेच्या आसपास होता. त्याने मोयाला हरवलं. मग कार्लोविचलाही हरवलं, हो, त्याच कार्लोविचला. उपांत्य फेरीत प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली आणि सोमदेव थेट अंतिम सामन्यात गेला. चिलिचने त्याला 6-4, 7-6 असं नमवलं खरं, पण त्या आठवड्यानंतर सोमदेव हे नाव भारतीय टेनिसमध्ये पक्कं झालं. भारतीय खेळाडू पुण्यात एवढी मजल मारू शकला नाही. पाच हंगामांत एकही भारतीय एकेरीच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला नाही. पण युकी भांबरी, रामकुमार रामनाथन, प्रज्ञेश गुणेश्वरन, सुमित नागल यांना घरच्या प्रेक्षकांसमोर पहिल्या शंभरांतल्या खेळाडूंशी खेळायला मिळालं, आणि पुण्याचा अर्जुन कढे वाइल्ड कार्डच्या वाटेने मुख्य ड्रॉमध्ये उतरला.

2023 मध्ये एक वाइल्ड कार्ड पुण्याच्याच मानस धामणेला दिलं गेलं. त्याला पंधरावं वर्ष पूर्ण होऊन काही दिवसच झाले होते. समोर अमेरिकेचा मायकेल मोह. मानस 2-6, 4-6 असा हरला. दुसरा सेट पाहणाऱ्यांना आठवत असेल की पहिल्या सेटचं दडपण गेल्यावर हा मुलगा बेसलाइनवरून बरोबरीने चेंडू मारत होता. गुण शून्य मिळाले. पण व्यावसायिक खेळाडूची सर्व्हिस किती लवकर येऊन ठेपते आणि चांगल्या फटक्यानंतरही चेंडू परत कसा येतो, हे पंधराव्या वर्षी स्वतःच्या हाताला कळणं आणि टीव्हीवर पाहणं यांत फार अंतर आहे.

2024 पासून पुण्याची ही स्पर्धा एटीपीच्या दिनदर्शिकेत नाही. नववर्षाच्या आठवड्यात आता हाँगकाँग आहे. बालेवाडीत चॅलेंजर दर्जाची महा ओपन होते, 2024 मध्ये तिच्या विजेत्याला 100 गुण मिळाले. तिला कमी लेखू नये. फेब्रुवारी 2024 मध्ये ती मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशरोने जिंकली, तेव्हा त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ऑक्टोबर 2025 मध्ये तोच वाशरो जगात 204 वा असताना शांघायच्या 1000 दर्जाच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत शिरला, मुख्य ड्रॉमध्ये आला, उपांत्य फेरीत जोकोविचला आणि अंतिम फेरीत स्वतःच्याच मावसभावाला, आर्तुर रिंदरक्नेशला हरवून विजेता झाला. 1000 दर्जाची स्पर्धा इतक्या खालच्या क्रमांकावरून त्याआधी कुणीच जिंकली नव्हती. आणि सुमित नागलने 2024 मध्येच चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकून पहिल्या शंभरांत प्रवेश केला. घरची स्पर्धा खेळाडूला काय देते, याला आणखी पुरावा नको.

पण चॅलेंजरच्या वरची पायरी आज भारतात नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून डाचते. पुरुषांच्या 250 दर्जाच्या स्पर्धेची तीन वाइल्ड कार्डं देण्याचा अधिकार देशात कोणत्याच संघटनेकडे उरलेला नाही. मानसच्या वयाच्या मुलाला 250 दर्जाच्या मुख्य ड्रॉमध्ये उतरायचं, तर एक तर क्रमवारीत शंभराच्या जवळ यावं लागेल, नाहीतर परदेशात जाऊन शनिवार-रविवारचे दोन पात्रता सामने जिंकावे लागतील. तिथलीही वाइल्ड कार्डं असतात, पण ती बहुतेक वेळा त्या त्या देशाच्या मुलांसाठी राखलेली असतात.